साक्ष कोणाची?

१९९१ सालचा जून महिना. बी.ए.चा निकाल हातात आला होता आणि एका नोकरीच्या अर्जाची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. अर्जाला सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती जोडायच्या होत्या. झेरॉक्स जळगावात गल्लोगल्ली मिळत होती. मिळत नव्हता तो तिच्यावरचा जांभळा गोल शिक्का आणि त्याखालची राजपत्रित अधिकाऱ्याची सही. एका साहेबांच्या दाराशी सकाळपासून उभा राहिलो. दुपारी आत बोलावणे आले. साहेबांनी शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, शिधापत्रिका पाहिली आणि दोन्ही कागद माझ्याकडे परत सरकवले. वडिलांचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेले होते. फरक एका मात्रेचा. उर्दूतले नाव मराठीत उतरवताना शाळेतल्या गुरुजींना एक ऐकू आले होते, शिधापत्रिका लिहिणाऱ्या कारकुनाला दुसरे.

“यातले तुमचे वडील कोणते?” साहेबांनी विचारले.

त्यांनी थट्टा केली नव्हती. नियमाप्रमाणे त्यांचा प्रश्न बरोबरच होता. मी रात्रीची एस.टी. पकडून धुळ्याला घरी गेलो आणि सकाळी वडिलांना घेऊन कचेरीच्या आवारात उभा राहिलो. निंबाच्या झाडाखाली एक वृद्ध अर्जनवीस बसले होते. टंकलेखन यंत्र, कार्बनचा गठ्ठा, शाईचे पॅड एवढाच त्यांचा पसारा. सगळी हकिकत ऐकून ते अहिराणीत म्हणाले, “भाऊ, तू तूच शे, हाई कोन सांगी?” तू तूच आहेस, हे कोण सांगणार? मग त्यांनी ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असे प्रतिज्ञापत्र टंकून दिले. ओळख पटवणारे म्हणून ज्या वकिलांनी त्यावर सही केली, त्यांनी आम्हा बापलेकांना त्या क्षणापूर्वी कधीही पाहिले नव्हते. शिक्का बसला. वडील दोनाचे पुन्हा एक झाले.

हा प्रसंग मी विसरलो होतो. गेल्या ईदला माझा भाचा पुण्याहून आला. तो संगणकातला. सणाच्या दुपारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला पाहून मी विचारले, “आज तरी काय एवढं काम?” तो म्हणाला, “मामू, ॲटेस्टेशनचं काम आहे.” मला हसू आले. म्हटले, अरे, साक्षांकन तर सरकारने कधीच बंद केले. तो म्हणाला, “माणसांचं बंद केलं. आता मशीनचं सुरू झालंय.” त्याने पुढे जे समजावून सांगितले, ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर खानदेशातल्या तीन-चार शतकांच्या कागदांचे गठ्ठे उलगडत गेले. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

साक्षांकन म्हणजे काय? जो समोर नाही, ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यासाठी तिसऱ्याचा शब्द उसना घेणे. ही गरज जुनी आहे. मराठेशाहीत वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते एकत्र येत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याचे चिन्ह काढीत. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. अनेक महजरांवर काजीची मोहरही आढळते. महजराचा कागद लांब असे. तुकडे एकमेकांना डकवून तो वाढवीत आणि जोडांवर शिक्के उठवीत, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलू नये. पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सूद’ येई. मजकूर इथे पुरा झाला, याखाली लिहिलेले आमचे नव्हे, असा त्या छोट्या शिक्क्याचा अर्थ. मूळ शब्द फारसी. मराठीने तो असा पचवला की आजही आपण एखाद्या निर्णयावर ‘शिक्कामोर्तब’ करतो.

हे कागद आज वाचायला मिळतात त्यात आमच्या धुळ्याचा मोठा वाटा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांचा आग्रह एकच होता. बखर काय सांगते यापेक्षा त्या वेळचे अस्सल पत्र काय सांगते ते पाहा. आणि पत्र अस्सल आहे की नाही हे त्याचा कागद, अक्षर, तारीख आणि शिक्का तपासून ठरवा. आजच्या भाषेत बोलायचे तर राजवाडे हे मेलेल्या माणसांच्या पत्रांचे साक्षांकन करणारे अधिकारी होते. मात्र ते दाराशी कोणाला ताटकळत ठेवत नव्हते. स्वतःच लोकांच्या दाराशी जाऊन उभे राहत आणि पोटमाळ्यावरचे रुमाल उतरवून घेत.

मला राजवाड्यांची ही पद्धत परकी वाटली नाही, कारण तिची ओळख मला लहानपणीच झाली होती. पैगंबरसाहेबांची वचने आणि आचरण यांच्या नोंदींना हदीस म्हणतात. प्रत्येक हदीसच्या आधी नावांची एक साखळी असते. अमुकाने तमुकाकडून ऐकले, त्याने आणखी कोणाकडून, असे करत ती मूळ ऐकणाऱ्यापर्यंत जाते. या साखळीला ‘इस्नाद’ म्हणतात. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खरे बोलणारा होता का, ज्याच्याकडून ऐकले असे तो म्हणतो त्याला तो भेटला असणे शक्य होते का, हे तपासण्याचे एक अख्खे शास्त्र तयार झाले. इ.स. ८७० मध्ये वारलेल्या इमाम बुखारींचा संग्रह याच कसोटीमुळे नावाजला. एक कडी कच्ची निघाली की साखळीचा भरवसा गेला. गंमत म्हणजे ‘इस्नाद’ आणि आपली मराठी ‘सनद’ हे शब्द एकाच अरबी धातूतून आलेले. त्या धातूचा अर्थ आहे आधार, टेकण्याची जागा. इनामाची सनद काय किंवा वचनाची साखळी काय, टेकायला काहीतरी घट्ट हवे असते.

इंग्रजी अमलात टेकण्याची ही जागा बदलली. १८१८ नंतर खानदेश कंपनीकडे आला. गोतसभेच्या ओळखीपेक्षा कचेरीतली नोंद मोठी झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला मुंबई इलाख्यातल्या इनामांचे हक्क तपासण्याचे अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीसाठी लोकांना आजोबांचे कागद शोधावे लागले. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला, त्याची साक्ष गावाने देऊन भागेना. ओळखीची जागा पुराव्याने घेतली ती अशी.

पुढची पायरी अंगठ्याची. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे ठशांचा शास्त्रीय अभ्यास झाला आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा स्वतंत्र विभाग निघाला. ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांचा मोठा हात होता. १९०८ च्या नोंदणी कायद्यानंतर दुय्यम निबंधकाच्या टेबलावर दस्त, दोन ओळखीचे साक्षीदार आणि शाईचे पॅड असा त्रिवेणी संगम कायमचा ठरला. नांगराच्या जागी अंगठा आला. पण या दोन खुणांत एक फरक होता. नांगर सांगत होता, मी कोण आहे. अंगठा एवढेच सांगतो, मी तोच आहे.

स्वातंत्र्यानंतर राजपत्रित अधिकाऱ्याचा गोल शिक्का आला. उर्दूत साक्षांकनाला ‘तस्दीक’ म्हणतात आणि मराठीत ‘तसदी’ म्हणजे त्रास. दोन्ही शब्दांची मुळे वेगळी आहेत. पण १९९१ च्या जूनमध्ये त्यांच्यातला फरक मला कोणी विचारला असता तर सांगता आला नसता. अखेर सरकारलाही ते पटले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने स्वयंसाक्षांकनाची शिफारस केली, केंद्राने २०१३-१४ पासून तिचा आग्रह धरला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्रानेही ती वाट धरली. प्रतीवर आपण स्वतःच सही करायची. माणसाच्या शब्दावर सरकारने विश्वास ठेवायचा. तोवर २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खानदेशातल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले होते. बारा आकडे, दहा बोटे, दोन डोळे. आता ओळख सांगायला ना पाटील लागत होता ना साहेब. पण एक यंत्र लागत होते. आणि कापूस वेचून, विटा वाहून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना ते यंत्र कधी कधी विचारू लागले, तू तूच आहेस कशावरून?

इथे भाच्याचे बोलणे सुरू होते. तो म्हणाला, “यंत्र माणसाला विचारतं, पण यंत्राला कोण विचारणार?” क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे. पुणे, मुंबई, चेन्नई अशा शहरांतल्या मोठ्या इमारतींत रांगांनी ठेवलेली दुसऱ्याच्या मालकीची यंत्रे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये याच तीन शहरांत आपली क्लाउड केंद्रे उघडली. तुमची माहिती, समजा एखाद्या रुग्णालयाच्या नोंदी, तुम्ही भाड्याच्या यंत्रावर ठेवता. ते यंत्र तुम्ही कधी पाहिलेले नसते. त्यात कोणी गुपचूप बदल केलेला नाही, हे कसे कळणार?

त्यासाठी यंत्राच्या पोटात एक छोटी चिप बसवतात. यंत्र सुरू होताना प्रत्येक प्रोग्रॅम चालण्याआधी त्याचे मोजमाप घेतले जाते. हे मोजमाप म्हणजे गणिताने काढलेला ठसा. मजकुरातला एक काना जरी बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. पहिला प्रोग्रॅम दुसऱ्याचा ठसा घेतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि ते एकात एक असे चिपमध्ये गुंफले जातात. मला लगेच महजराचे जोडांवरचे शिक्के आठवले. मग चिप आपल्या गुप्त किल्लीने या ठशांवर सही करते, आणि त्या चिपची हमी ती बनवणारी कंपनी घेते. हा सगळा पुरावा क्लाउडमधल्या साक्षांकन सेवेकडे जातो. मायक्रोसॉफ्टची ‘अझ्युर ॲटेस्टेशन’ ही अशीच एक सेवा. ती पुरावा तपासते, ठरवून दिलेल्या धोरणाशी ताडून पाहते आणि पटले तर सही केलेला एक दाखला देते. त्याला टोकन म्हणतात. हा दाखला पाहिल्यावरच माहितीच्या कुलपाची किल्ली त्या यंत्राला मिळते. २०२३ च्या जानेवारीत इंटरनेटची प्रमाणके ठरवणाऱ्या मंडळींनी या रचनेतल्या भूमिका लेखी मांडल्या आहेत. पुरावा देणारा, हमी घेणारा, पडताळणारा आणि त्या निकालावर विसंबणारा. गोतसभेत यांना वतनदार, साक्षीदार, पंच आणि सरकार म्हणत असत, एवढाच फरक.

“मग तू यात काय करतोस?” मी विचारले. तो म्हणाला, “मी क्लायंट लायब्ररी वापरतो.” लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे आली. तसे नाही. सेवेशी बोलायची एक ठरलेली, काटेकोर भाषा असते. कोणता अर्ज कुठे टाकायचा, त्यावर सही कशी करायची, उत्तर आले तर ते खरोखर सेवेकडूनच आले हे कसे ताडायचे. हे सगळे प्रत्येकाने नव्याने लिहू नये म्हणून तयार करून ठेवलेला प्रोग्रॅमचा संच म्हणजे क्लायंट लायब्ररी. मी म्हणालो, “म्हणजे निंबाखालचे अर्जनवीस!” भाच्याने अर्जनवीस पाहिलेला नाही, पण समजावून सांगितल्यावर त्याने मान डोलावली. अर्जनवीस निकाल देत नाही, साक्षही देत नाही. तुमचे म्हणणे कचेरीच्या भाषेत बसवतो आणि आलेल्या हुकुमावरचा शिक्का खरा आहे ना ते पाहून देतो.

या लायब्ररीचे दोन भाग असतात. एक रोजच्या तपासणीसाठी. दुसरा सेवेचे व्यवस्थापन करण्यासाठी, आणि खरी जोखीम तिथे आहे. त्यातून धोरण वाचता येते, बदलता येते, मूळपदावर आणता येते. कोणत्या ठशाचे यंत्र खरे मानायचे हे धोरणात लिहिलेले असते. नवे धोरण पाठवले की सेवा पोच देते आणि त्या पोचेत धोरणाचा ठसा असतो. आपण पाठवले तेच पोहोचले ना, वाटेत कोणी ओळ घुसडली नाही ना, हे त्यावरून ताडायचे. मोर्तब सूद! कडक बंदोबस्त हवा असेल तर धोरण बदलण्याचा अधिकार मोजक्या प्रमाणपत्रधारकांनाच ठेवता येतो. धोरणावर त्यांच्यापैकी एकाची सही हवी. नवे प्रमाणपत्र यादीत घ्यायचे तर आधीच्या यादीतल्या कोणाची तरी सही लागते. नव्या साक्षीदाराची ओळख जुन्याने द्यायची. मला माझी इस्नादची साखळी परत भेटली.

पण साखळी कुठेतरी संपते आणि तिथे माणूसच उभा असतो. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात बनावट मुद्रांक इतके हुबेहूब का निघाले? कारण छापायची यंत्रे नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मिळवलेली होती. २००७ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. शिक्क्याचा कारखानाच फितूर झाला तर शिक्का काय सांगणार, हा प्रश्न उरलाच. संगणकातही तेच. २०१८ मध्ये संशोधकांनी ‘फोरशॅडो’ या नावाने दाखवून दिले की इंटेलच्या प्रोसेसरमधली सही करायची गुप्त किल्लीच बाहेर काढता येते. त्या किल्लीने सही केलेला खोटा पुरावा खऱ्यासारखाच दिसला असता. कंपनीने दुरुस्ती केली. तरी धडा राहिला: साक्ष एवढेच सांगते की वस्तू बदललेली नाही. ती चांगली आहे, असे साक्ष सांगत नाही.

आता हे प्रकरण फक्त पुण्या-बंगळूरच्या तरुणांचे राहिलेले नाही. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. न्यायालयात मोबाइलमधले चित्रण किंवा संगणकातली नोंद हजर करायची तर कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तिचा तो गणिती ठसाही लिहावा लागतो. जळगाव-धुळ्याच्या कोर्टात शेतकऱ्याच्या बांधाच्या भांडणातही उद्या हा ठसा विचारला जाणार. नांगर, अंगठा आणि आता ही चौसष्ट अक्षरांची ओळ.

भाच्याने शेवटी एक गोष्ट सांगितली, ती मला झोपू देईना. त्यांच्याकडे एका रात्री यंत्रांवर नवी दुरुस्ती चढवली. दुरुस्ती आवश्यक होती, प्रामाणिक होती. पण तिने यंत्रांचे ठसे बदलले आणि धोरणात जुनेच ठसे लिहिलेले होते. सेवेने एकेका यंत्राला नाकारायला सुरुवात केली. किल्ल्या मिळेनात, रुग्णांचे अहवाल उघडेनात. पहाटे चारपर्यंत हा प्रकार चालला. मी म्हणालो, “यंत्रांचा दोष काय होता?” तो म्हणाला, “काही नाही. नावात एका मात्रेचा फरक पडला, एवढंच.” मी त्याला वडिलांची गोष्ट कधी सांगितली नव्हती. तेव्हा सांगितली.

कुराणातली सर्वांत लांब आयत स्वर्ग-नरकाविषयी नाही, कर्जाच्या लेखी व्यवहाराविषयी आहे. त्यात लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, साक्षीदारांची अट आहे आणि लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला त्रास होऊ नये अशी काळजीही आहे. मला वाटते, आजच्या काळात त्या काळजीला एक जोड हवी. ज्याची साक्ष तपासली जाते, त्यालाही नाहक त्रास होऊ नये. नियम कडक असावाच. नाहीतर तेलगी माजतात. पण नियम लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की प्रामाणिक वस्तूही बदलते. यंत्र दुरुस्त होते, बोटे झिजतात, एका लिपीतले नाव दुसऱ्या लिपीत जाताना मात्रा सांडते. तपासणाऱ्या यंत्राला दया नसते आणि लबाडीही नसते. त्याच्या हातात दिलेल्या धोरणात जे असेल तेच ते करते. म्हणून दया असो की न्याय, तो धोरण लिहिणाऱ्यानेच आधी लिहून ठेवायला हवा.

“मग पहाटे चारला तू केलंस काय?” मी विचारले.

“नवं धोरण पाठवलं. जुना ठसा आणि नवा ठसा, दोन्ही चालतील असं त्यात लिहिलं. सगळी यंत्रं नव्यावर आली की जुना काढून टाकायचा.”

मी उठलो. पत्र्याच्या पेटीत वडिलांचे ते १९९१ चे प्रतिज्ञापत्र अजून आहे. कार्बनची शाई फिकी झाली आहे, शिक्का पुसट. भाच्याने ते उजेडात धरून वाचले: या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.

“मामू,” तो म्हणाला, “धोरण चांगलं लिहिलंय.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)